माहेरची मतं, शब्दाची मतं, मोकळी मतं

मी वाराणसीहून बोलतोय. लष्करातून कर्नल म्हणून निवृत्त झालो त्याला आता दहा वर्षं होतील. मुलगी इथं बनारस हिंदू विद्यापीठात शिकवते, त्यामुळे थंडीचे तीन-चार महिने आमचा मुक्काम काशीत असतो, बाकीचं वर्ष पुण्यात. मागे घंटांचा आवाज येत असेल तर सांभाळून घ्या. संध्याकाळची वेळ आहे, आणि या गावात घंटा थांबवा असं कुणाला सांगायचं ते मला अजून कळलेलं नाही.

विषय राजकारणाचा आहे, म्हणून एक खुलासा आधीच करतो. वर्दीत असताना पक्षांच्या राजकारणावर तोंड उघडायचं नसतं. ती सवय निवृत्तीनंतरही पुरती सुटत नाही. मी कुठल्याही पक्षाचा सभासद नाही आणि आज कुणाची बाजू घेणार नाही. माझा प्रश्न एवढाच आहे: एकाच पक्षातले दोन उमेदवार समोरासमोर उभे राहिले, तर कोण कुठल्या प्रदेशात किती चालेल, हे ओळखायचं कसं? आणि ते कळल्यावर त्या माहितीचं करायचं काय? दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा अवघड आहे, आणि त्यात मी स्वतः एकदा चुकलेलो आहे. तेही सांगणार आहे.

सुरुवात इथूनच करू. अस्सीवर सकाळी चहाला बसलं की हा हिशेब हमखास निघतो. २००९ साली वाराणसीतून भाजपचे मुरली मनोहर जोशी निवडून आले, १७,२११ मतांनी. २०१४ साली जोशींना कानपूरला पाठवलं आणि इथून त्याच पक्षाचे नरेंद्र मोदी उभे राहिले. ते ३,७१,७८४ मतांनी निवडून आले. चहावाल्यासमोरचा माणूस म्हणतो, "देखिए, एकाच पक्षाचे दोघं, पण फरक बघा. वीसपट!"

हिशेब बरोबर आहे, निष्कर्ष कच्चा आहे. कारण त्याच २०१४ च्या निवडणुकीत जोशी कानपुरात २,२२,९४६ मतांनी निवडून आले. म्हणजे जो माणूस वाराणसीत कसाबसा तरला होता, तोच पाच वर्षांनी परक्या मतदारसंघात दोन लाखांहून जास्त मतांनी जिंकला. आता यात उमेदवार किती, लाट किती, समोरचे विरोधक किती? वेगळं करता येत नाही. दुसरी गंमत म्हणजे त्याच वर्षी मोदी बडोद्यातूनही उभे होते. तिथं आघाडी ५,७०,१२८. उमेदवार एक, पक्ष एक, वर्ष एक, जमीन मात्र दोन, आणि फरक दोन लाखांचा. बडोद्यात ते घरचे होते, इथं ते नवे होते.

लष्करात कुठलाही बेत आखताना आम्ही आधी जमीन वाचायला शिकतो. वाळूत डोंगर, नाले, गावं मांडायची आणि भोवती उभं राहून बोलायचं. जी तुकडी मैदानात झपाट्यानं पुढं जाते, तीच चढावर अडकते. त्यात तुकडी वाईट नसते. पण दोन तुकड्यांची तुलना करायची असेल तर त्यांना एकाच दिवशी, एकाच जमिनीवर उतरवावं लागतं. राजकारणात असा प्रसंग क्वचित येतो. पक्षाच्या आतल्या निवडणुकीत येतो, आणि आपल्याकडे तो एकदा फार स्पष्ट आला होता. तारीख २९ जानेवारी १९३९.

त्या दिवशी काँग्रेसच्या अध्यक्षपदासाठी देशभर मतदान झालं. एका बाजूला सुभाषचंद्र बोस, दुसऱ्या बाजूला आंध्रचे डॉ. पट्टाभी सीतारामय्या. आदल्या वर्षी अध्यक्ष सुभाषबाबूच होते आणि त्यांना दुसऱ्यांदा व्हायचं होतं. वरिष्ठ नेत्यांना ते नको होतं. मौलाना आझादांचं नाव पुढं आलं होतं, त्यांनी माघार घेतली, आणि पट्टाभी राहिले. सरदार पटेल, राजेंद्र प्रसाद, कृपलानी, जमनालाल बजाज आणि आपले शंकरराव देव अशा वर्किंग कमिटीतल्या सात जणांनी पट्टाभींच्या बाजूनं जाहीर पत्रक काढलं. गांधीजींचा कल कुणाकडे होता, हे लपून राहिलेलं नव्हतं.

मतदान प्रत्येक प्रांतातल्या प्रतिनिधींनी आपापल्या प्रांतात केलं, आणि आकडे प्रांतवार बाहेर आले. सुभाषबाबूंना १५८०, पट्टाभींना सुमारे पावणेचौदाशे. दोनशेच्या वर थोड्या मतांनी सुभाषबाबू जिंकले.

इथं घरची एक गोष्ट सांगतो. साताऱ्याच्या आमच्या घरात सुभाषबाबूंची लष्करी वेषातली तसबीर होती. वडील म्हणायचे, "एकोणचाळीस साली सगळा महाराष्ट्र सुभाषबाबूंच्या मागं उभा होता." मी हे मनापासून मानलं होतं. सैन्यात गेलो त्यात त्या तसबिरीचा वाटा होता, हे कबूल करायला हरकत नाही. मग पन्नाशीत एके दिवशी प्रांतवार तक्ता माझ्या समोर आला.

महाराष्ट्र प्रांत: सुभाषबाबू ७७, पट्टाभी ८६.

मी दोनदा वाचलं. मग पुढचे आकडे पाहिले. काँग्रेसनं १९२० साली नागपुरात नवी घटना करून प्रांत भाषेप्रमाणे पाडले होते, तरी मराठी मुलूख चार ठिकाणी मोजला जात होता. महाराष्ट्र, मुंबई शहर, नागपूर आणि विदर्भ. बेळगाव तर कर्नाटकात होतं. मुंबईत सुभाषबाबू १४, पट्टाभी १२. नागपुरात १२ विरुद्ध १७. विदर्भात ११ विरुद्ध २१. चारही मिळून बेरीज केली तर सुभाषबाबू ११४, पट्टाभी १३६. मुंबईत सगळे मराठी नव्हते हे धरूनही चित्र बदलत नाही. मराठी मुलखानं, थोडक्या फरकानं का होईना, कौल दुसरीकडे दिला होता. वडील तोवर गेले होते. त्यांना सांगायचं राहिलं, आणि खरं सांगायचं तर ते असते तरी मी सांगितलं असतं की नाही, कुणास ठाऊक.

पण माझी उत्सुकता वाढली. मी तो तक्ता वाळूच्या नकाशासारखा मांडून बसलो. तेव्हा लक्षात आलं की ही मतं तीन प्रकारची आहेत. मी त्यांना माझी नावं दिली आहेत.

पहिली, माहेरची मतं. बंगालमध्ये सुभाषबाबूंना ४०४ आणि पट्टाभींना ७९. आंध्रात पट्टाभींना १८१ आणि सुभाषबाबूंना २८. याचा अर्थ लावायला विद्वत्ता लागत नाही. आपला माणूस दिल्लीच्या पातळीवर जातोय म्हटल्यावर घर मागं उभं राहतं. या मतांवरून उमेदवाराची देशातली ताकद कळत नाही, त्याचं घर किती मोठं आहे एवढंच कळतं. बंगालचं घर मोठं होतं, आंध्रचं लहान.

दुसरी, शब्दाची मतं. गुजरातमध्ये पट्टाभींना १०० आणि सुभाषबाबूंना ५. पट्टाभींचं गुजरातशी काय नातं? काही नाही. पण तिथं सरदारांचा शब्द चालत होता. बिहारमध्ये पट्टाभींना १९७, सुभाषबाबूंना ७०. तिथं राजेंद्रबाबू होते. ही मतं उमेदवाराला पडलेली नसतात. ती स्थानिक नेत्याच्या शब्दाला पडतात, उमेदवाराच्या नावावर जमा होतात. उद्या त्या नेत्यानं शब्द फिरवला की मतंही फिरतात.

तिसरी, मोकळी मतं. जिथं दोघांपैकी कुणाचं घर नाही आणि एकाच नेत्याचा शब्द शेवटचा नाही, असे प्रांत. संयुक्त प्रांत, म्हणजे आजचा उत्तर प्रदेश, ज्यात ही काशी येते. तिथं सुभाषबाबू २६९, पट्टाभी १८५. पंजाब १८२ विरुद्ध ८६. कर्नाटक १०६ विरुद्ध ४१. केरळ ८० विरुद्ध १८. हे सगळे सुभाषबाबूंकडे. तमिळनाडूत राजाजींचं वजन होतं, तरी ११० विरुद्ध १०२, सुभाषबाबूच पुढं. आणि महाकोशल, म्हणजे जबलपूरकडचा हिंदी भाग, तिथं ६७ विरुद्ध ६८. एका मताचा फरक.

आता एक साधी वजाबाकी करा. बंगाल आणि आंध्र, दोन्ही माहेरं बाजूला काढा. उरलेल्या देशात सुभाषबाबूंना ११४८ आणि पट्टाभींना साधारण १११५ मतं राहतात. म्हणजे घरचा आधार काढून घेतल्यावरही सुभाषबाबू पुढंच होते, फक्त तीसेक मतांनी. ते केवळ बंगालच्या जोरावर जिंकले असं म्हणणारे चुकतात, आणि सारा देश त्यांच्या मागं होता असं म्हणणारेही चुकतात. देश जवळजवळ अर्धा-अर्धा वाटलेला होता. मोकळ्या जमिनीवर ते खूप पुढं होते, शब्दाच्या जमिनीवर खूप मागं.

मग महाराष्ट्र कुठल्या खान्यात घालायचा? माझ्या मते तो मोकळ्या आणि शब्दाच्या सीमेवर होता. शंकरराव देवांची सही त्या पत्रकावर होती आणि प्रांतात त्यांचा शब्द होता. तरी ७७ जणांनी तो मानला नाही. फरक नऊ मतांचा. नागपूर-विदर्भाकडे पाहताना आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. सहाच महिन्यांपूर्वी, जुलै १९३८ मध्ये, मध्य प्रांताचे मुख्यमंत्री डॉ. ना. भा. खरे यांना पद सोडावं लागलं होतं आणि त्यांच्या जागी महाकोशलचे रविशंकर शुक्ल आले होते. त्या वेळी काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषबाबू होते. ज्या भागात आपला माणूस नुकताच दुखावला गेला आहे, तिथं त्या वेळच्या अध्यक्षाला भरभरून मतं कशी पडणार? हा माझा तर्क आहे, पण प्रदेश वाचताना अशा ताज्या जखमा बघाव्याच लागतात.

एवढं झाल्यावर कुणी म्हणेल, जिंकले ना? मग प्रश्न मिटला. नाही मिटला. खरी गोष्ट इथून पुढं सुरू होते.

निकालानंतर गांधीजींनी जाहीर केलं की पट्टाभींचा पराभव हा आपलाच पराभव आहे. वर्किंग कमिटीच्या बहुतेक सदस्यांनी राजीनामे दिले. मार्चमध्ये त्रिपुरीला अधिवेशन भरलं. त्रिपुरी जबलपूरजवळ, म्हणजे त्याच महाकोशलात जिथं एका मताचा फरक होता. सुभाषबाबू तापानं फणफणलेले, त्यांना स्ट्रेचरवरून आणावं लागलं. तिथं गोविंद वल्लभ पंतांनी ठराव मांडला की अध्यक्षांनी नवी वर्किंग कमिटी गांधीजींच्या इच्छेनुसार नेमावी. ठराव मंजूर झाला.

आता जरा नावं जुळवून पाहा. पंत कोण? संयुक्त प्रांताचे मुख्यमंत्री. ज्या प्रांतानं जानेवारीत सुभाषबाबूंना २६९ मतं दिली, त्याच प्रांताच्या मुख्यमंत्र्यानं मार्चमध्ये त्यांचे हात बांधले. आणि जानेवारीत ज्यांनी त्यांना साथ दिली, ते काँग्रेस समाजवादी पक्षाचे लोक? त्यांचे एक मोठे नेते आचार्य नरेंद्र देव इथलेच, काशी विद्यापीठाचे. त्रिपुरीत समाजवादी तटस्थ राहिले. पंतांच्या ठरावाच्या बाजूनंही नाही आणि विरोधातही नाही. मोकळी मतं मोकळीच होती. ती सुभाषबाबूंच्या विचाराला पडली होती, भांडणात त्यांच्या पाठीशी उभं राहण्याचा करार त्यात नव्हता.

२९ एप्रिलला, म्हणजे मतदानाला बरोबर तीन महिने झाले तेव्हा, सुभाषबाबूंनी राजीनामा दिला. राजेंद्रबाबू अध्यक्ष झाले.

मला यातून दिसतं ते असं. कोण कुठं किती चालेल हा अर्धा प्रश्न आहे. पडलेली मतं किती टिकतील हा उरलेला अर्धा. माहेरची मतं टिकतात पण एका जागी अडकून असतात. शब्दाची मतं हलतात, पण एकगठ्ठा हलतात, म्हणून भांडणात फार उपयोगी पडतात. मोकळी मतं सगळ्यात जास्त पसरलेली आणि सगळ्यात कमी बांधलेली. त्यांच्यावर निवडणूक जिंकता येते. जिंकल्यावर त्यांना बांधून घ्यायला वेगळं काम लागतं, आणि ते काम हरलेल्या प्रांतांत जाऊनच होतं.

हे एकदाच घडलं असंही नाही. १९५० साली पुन्हा तसंच झालं. या वेळी तिघं होते: अलाहाबादचे पुरुषोत्तमदास टंडन, आचार्य कृपलानी, आणि शंकरराव देव. टंडन १३०६, कृपलानी १०९२, देव २०२. म्हणजे अकरा वर्षांपूर्वी ज्यांच्या शब्दावर महाराष्ट्रातली मतं फिरत होती, ते स्वतः उभे राहिले तेव्हा देशभरातून २६०० पैकी २०२. आपल्या भागात शब्द चालणं आणि दुसऱ्याच्या भागात मत मिळणं, या दोन वेगळ्या विद्या आहेत. १९९७ साली शरद पवार काँग्रेसच्या अध्यक्षपदासाठी उभे राहिले. सीताराम केसरी ६२२४, पवार ८८२, राजेश पायलट ३५४. मराठी माणूस म्हणून वाईट वाटणं वेगळं, पण जमीन वाचायची तर हे आकडे समोर ठेवूनच वाचावी लागेल.

आणि टंडनांचं पुढं काय झालं? सप्टेंबर १९५० मध्ये नाशिकच्या अधिवेशनाचं अध्यक्षपद त्यांनी भूषवलं. पाठीशी सरदार पटेल होते, पण पंतप्रधान नेहरूंचा विश्वास नव्हता. डिसेंबरात सरदार गेले. सप्टेंबर १९५१ मध्ये टंडनांनी राजीनामा दिला. पुन्हा एकदा मतं जिंकणारा अध्यक्ष वर्षभरात घरी गेला.

दुसऱ्या देशात हे वेगळं होतं का? अमेरिकेत पक्षांतर्गत निवडणूक राज्यवार, उघडपणे, महिनोन्‌महिने चालते. २००८ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षात ओबामा आणि हिलरी क्लिंटन लढले. आयोवा ओबामांनी घेतलं, न्यू हॅम्पशायर क्लिंटननी. ओहायो आणि पेनसिल्व्हेनिया, दोन्ही मोठी राज्यं, क्लिंटननी जिंकली. तेव्हा पुष्कळ पंडित म्हणत होते की ओबामांना ही राज्यं नोव्हेंबरात मिळणार नाहीत. मिळाली, दोन्ही. पक्षात जो प्रदेश आपण हरतो, तो बाहेरच्या लढाईतही हरतोच असं नाही. मात्र मधे एक गोष्ट घडली होती. हरलेल्या क्लिंटन विजेत्यासाठी सभा घेत फिरल्या, आणि जिंकल्यावर ओबामांनी त्यांना परराष्ट्रमंत्री केलं. १९३९ मध्ये आपल्याकडे नेमकं हेच झालं नाही. दोष कुणाचा यावर शंभर पुस्तकं निघतील. मी सैनिक, मला परिणाम दिसतो.

आता मघाशी कबूल केलेली गोष्ट.

निवृत्तीनंतर पुण्यात आम्ही ज्या सोसायटीत राहायला गेलो, तिथं तीन विंग आहेत. ए, बी आणि सी. दुसऱ्याच वर्षी लोकांनी मला अध्यक्षपदाला उभं केलं. समोर सी विंगमधले एक गृहस्थ होते. सोसायटी म्हणजे आमचा एकच पक्ष, आणि आम्ही दोघं त्यातले प्रतिस्पर्धी. मतपेट्या विंगप्रमाणे ठेवल्या होत्या आणि मोजणीही तशीच झाली. मी जिंकलो. पण सी विंगमधल्या २६ मतांपैकी मला पडली फक्त ४.

तो आकडा माझ्या डोक्यात राहिला. राहू नये म्हणालो, तरी राहिला.

पुढच्या पावसाळ्याआधी गच्च्यांचं वॉटरप्रूफिंग करायचं होतं. पैसे एका वेळी एकाच विंगला पुरणारे. आधी ए झाली, मग बी. सी राहिली ती दिवाळीनंतर. कारणं माझ्याकडे भरपूर होती. ठेकेदाराची सोय, मालाचा भाव, ए विंगची गच्ची जुनी. सगळी कारणं खरी होती. तरी जुलैत सी विंगच्या वरच्या मजल्यावरच्या एका आजींनी मला जिन्यात थांबवलं. त्यांच्या स्वयंपाकघरात गळत होतं. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "कर्नलसाहेब, आमची मतं मोजलीत, आता बादल्याही मोजायला या."

मी गेलो. पाच बादल्या होत्या.

तीस वर्षं जवानांना सांगत आलो की पलटणीत प्रत्येक कंपनीचं पाणी एकाच वेळी पोहोचलं पाहिजे. आणि २६ पैकी ४ या आकड्यानं माझ्याकडून, मला न कळत, हे करून घेतलं होतं. न कळत की कळून, हे अजून मी स्वतःला विचारतो.

त्या दिवसापासून मला प्रांतवार, विभागवार, बूथवार मोजणीची भीती कळली. १९३९ च्या तक्त्यात नागपूरचे २९ आकडे आहेत, १२ आणि १७. एवढ्याशा मंडळीत कुणी कुणाला मत दिलं, हे ओळखायला स्थानिक पुढाऱ्याला किती वेळ लागत असेल? एक संध्याकाळ पुरे. गुजरातमधले ते पाच जण तर मला नेहमी आठवतात. शंभरांच्या समोर पाच. त्यांना पुढं कुणी तिकीट दिलं असेल का?

म्हणूनच २०२२ साली काँग्रेसनं अध्यक्षाची निवडणूक घेतली तेव्हा काय केलं ते पाहण्यासारखं आहे. मल्लिकार्जुन खर्गे आणि शशी थरूर उभे होते. मतदान राज्याराज्यांत झालं, पेट्या दिल्लीला आल्या, आणि मोजण्याआधी सगळ्या राज्यांच्या मतपत्रिका एकमेकींत मिसळल्या. खर्गे ७८९७, थरूर १०७२. कुठल्या राज्यातून कुणाला किती, हे कळायचा मार्गच ठेवला नाही. ज्याला प्रदेशाचा अभ्यास करायचा आहे, त्याच्या हाती काही लागलं नाही. माझी पहिली प्रतिक्रिया रागाची होती. मग बादल्या आठवल्या आणि राग निवळला. कुठल्या तरी लहान राज्यात थरूरांना मत देणारे मोजके लोक असतील, त्यांना त्या मिसळण्यानं संरक्षण मिळालं.

पण त्याचीही किंमत आहे. मोजणीच्या दिवशी थरूरांच्या बाजूनं याच उत्तर प्रदेशातल्या मतदानाबद्दल तक्रार झाली. पक्षाच्या निवडणूक यंत्रणेनं ती मानली नाही. राज्याचा आकडाच समोर नसेल, तर त्या तक्रारीत तथ्य होतं की नव्हतं, हे तुम्ही-आम्ही तपासणार कशावरून? झाकलेल्या मोजणीत मतदार सुरक्षित राहतो आणि गडबडही सुरक्षित राहते.

हाच पेच आपल्या मोठ्या निवडणुकांतही आहे. कागदी मतपत्रिका होत्या तेव्हा अनेक बूथच्या पत्रिका मिसळून मोजायची सोय होती. यंत्रं आली आणि प्रत्येक बूथचा आकडा वेगळा बाहेर येऊ लागला. कुठल्या वस्तीनं कुणाला मत दिलं, हे आज कुणीही फॉर्म २० उघडून पाहू शकतो. अनेक यंत्रांची बेरीज एकत्र दाखवणारं टोटलायझर नावाचं उपकरण वापरावं, असं निवडणूक आयोगानं २००८ मध्ये सुचवलं. विधी आयोगानं २०१५ मध्ये तशी शिफारस केली. सरकारनं ते मान्य केलेलं नाही.

मग उघडं मोजावं की झाकून? इतकी वर्षं विचार करून मी एका साध्या नियमाशी आलो आहे. जिथं आकडा इतका लहान आहे की त्यात माणूस ओळखू येतो, तिथं झाकावं. बूथ, वस्ती, विंग, नागपूरसारखा २९ जणांचा प्रांत. आणि जिथं आकडा एवढा मोठा आहे की त्यात फक्त जमीन ओळखू येते, तिथं उघडावं. संयुक्त प्रांताच्या साडेचारशे मतांत कुणाचं नाव सापडत नाही, पण प्रदेशाचा कल सापडतो. लहान तुकड्या शेजारच्या तुकड्यांत मिसळून मोजा, मोठे प्रदेश जाहीर करा. मतदाराला ओसरी मिळेल आणि अभ्यासकाला नकाशा.

दुसरा नियम जिंकणाऱ्यासाठी आहे, आणि तो कुठल्याही कायद्यात लिहिता येत नाही. निकाल लागल्यावर पहिला दौरा तिथं करावा, जिथं सगळ्यात कमी मतं पडली. हारतुरे माहेरी मिळतातच, ते कुठं पळून जात नाहीत. आपण ज्या जमिनीवर हरलो, तिथले लोक खिडकीतून बघत असतात की हा येतो की नाही.

दुसऱ्या वेळी मी सोसायटीत उभा राहिलो नाही. पण नव्या कमिटीला एक ठराव करायला लावला. मोजणी तिन्ही पेट्या एकत्र ओतून करायची, आणि दुरुस्तीचं काम दर वर्षी मागच्या वेळी शेवटी राहिलेल्या विंगपासून सुरू करायचं. आजी आता नाहीत. त्यांच्या स्वयंपाकघरात पाणी गळत नाही.

तुमच्या गावात, मंडळात, पतसंस्थेत, पक्षात निवडणूक झाली की आकडे जरूर मांडा. माहेरचे किती, शब्दाचे किती, मोकळे किती, ते ओळखा. आणि मग एकदा ज्यांनी तुम्हाला मत दिलं नाही त्यांच्या घरी जाऊन या. बादल्या आहेत का ते बघून या.

नमस्कार. जय हिंद.